शामलाची नऊशे नंबरची ओळ

इंदोरा वस्तीतल्या अंजनाबाईची थोरली लेक शामला. छप्पन सालच्या धम्मदीक्षेले अंजनाबाई गेली तवा हे पोरगी पोटात होती. म्हनून माय सांगे, "माही शामली जल्माच्या आंधीच गर्दीत धक्के खाऊन आली, कोनाले भेत नाई." अन् खरंच भेत नव्हती. मॅट्रिक झाली, टायपिंग शिकली, सदर भागातल्या बी-बियान्याच्या हापिसात लागली. पन तिथं एक मानूस असा होता का त्याच्यापुढं तिची बोलती बंद. गिरिधरजी.

गिरिधरजीकडं मोठी मशीन होती. आलमाऱ्यायवानी मोठी, थंड खोलीत ठेवलेली. चप्पल बाहेर काढा, मंगच आत या. देवघर असते ना, तसं. तिले काम सांगाचं म्हंजे पुठ्ठ्याच्या पट्ट्यायवर छिद्रं पाडाचे अन् गठ्ठा गिरिधरजीच्या हाती द्याचा. मशीन काय करे, आंधी आख्खं वाचे. पह्यल्यापासून शेवटपर्यंत. सारं आपल्या भाषेत उतरवून घे, अन् मंगच कामाले हात लावे. एका जागी खोट दिसली का संपलं, काहीच करत नसे.

शामलानं पह्यला गठ्ठा सोमवारी दिला. मंगळवारी हातभर कागद आला. त्यात एकशे सतरा चुका.

"एकशे सतरा?" शामला रडकुंडीले आली. "काकाजी, पट्ट्याच मुळी नव्वद आहेत!"

"एक पूर्णविराम राहिला," गिरिधरजी चष्म्यावरून पाहून म्हनले. "बाकीच्या चुका त्याचं गनगोत. आना उद्या परत."

असे तीन दिवस गेले. घरी येऊन तिनं मायले सांगितलं. अंजनाबाईनं विचार केला अन् म्हनली, "हे तं आपल्या शेजारच्या सिंधूताईवानी झालं वं. सारं सामान पुढं मांडून पाह्यते, मीठ नसलं तं चूलच पेटवत नाई. लेकरं उपाशी, पन बाईचा सैपाक कधी बिघडत नाई."

मंग पंच्याऐंशी साली हापिसात एक लहान मशीन आली. टीव्हीवानी तोंड, खाली टाइपरायटरवानी बटनं. टेबलावर मावे. गिरिधरजीनं तिच्याकडं असं पाह्यलं जसं कोनी त्यायच्या देवघरात कोंबडी आनून सोडली. त्यायनं हात नाई लावला, म्हनून ती शामलाच्या वाट्याले आली.

या मशीनची रीतच उलटी. एक ओळ वाचे, तेवढं काम करे, मंग दुसरी वाचे. पुढं काय लिहिलं हाये त्याची तिले काई फिकीर नाई. ओळीयले नंबर द्याचे, ते बी दहा-दहा सोडून, मधात एखादी आठवली तं जागा पाह्यजे. पंगतीत उशिरा येनाऱ्या पाहुन्यासाठी पाट सोडतो का नाई आपन, तसं. चुकलं का ती तिथंच थांबे, कोनती ओळ ते सांगे, तेवढी सुधरवली का पुन्हा चाले. शामला खुश. अंजनाबाई म्हने, "हे दुसरी बाई. फोडनी टाकते अन् मंग बोंबलते, मीठ कुठी हाये वं!"

पन शामलाची जागा होती हंगामी, दिवाळीपर्यंत. मुंबईचे मोठे सायब येनार, लहान मशीन पाह्यनार. पसंत पडली तं शामला पक्की. नाई तं मशीन परत अन् शामला घरी.

तिनं मयनाभर खपून काम मांडलं. कुही तालुक्याकडचे दोनशे गावं. गावाचं नाव टाका, मशीन सांगे का तिथल्या मातीले कोनतं धान बरं. आता नवीन मशीन म्हंजे नवीन आरसा, जो तो आपलंच तोंड पाहे. चपराशी बाबाराव आला, त्यानं आपलं गाव इचारलं. बरोबर आलं. बडे बाबू आले, सासुरवाडी इचारली. बरोबर आलं. सारे कुहीकडचेच! दहा दिवस मशीन एकदा बी अडली नाई.

मोठे सायब आले. मांगं सारं हापिस उभं. गिरिधरजी बी आले होते, हात मांगं बांधून, कोनाच्या मयतीले आल्यावानी. सायब खुर्चीत बसले, अन् त्यायनं बी तेच केलं. आपलंच गाव इचारलं. पन सायब होते जळगावाकडचे!

मशीन थांबली. पडद्यावर इंग्रजीत एक ओळ आली. शामलानं वाचली अन् तिले समजलं. साडेचारशे नंबरच्या ओळीत तिनं लिहून ठेवलं होतं, गाव सापडलं नाई तं नऊशे नंबरवर जा. अन् नऊशे नंबर लिहाचाच राहून गेला होता! पाहुन्याले पत्ता दिला अन् त्या पत्त्यावर घरच नाई. इतके दिवस कोनी तिकडं गेलंच नाई, तं मशीनले तरी कसं समजावं?

"माही मशीन असती," गिरिधरजी हळूच पन साऱ्यायले आयकू जाईल असं म्हनले, "तं चूक दारातच धरली असती."

"असं?" सायबानं मान वळवली. "आणि दुरुस्त होऊन कधी मिळालं असतं?"

गिरिधरजीनं खोकलून पाह्यलं. "परवा... साधारन."

शामलाले वाटलं, आता भेऊन काय होते, तशी बी घरीच चालली. ती सायबाच्या बाजूनं वाकली. "जरा सरका, सायब," म्हनली, अन् सायब सरकले बी! तिनं नऊशे नंबर टाकला. पन पुढं काय लिहाचं? ज्याचं गाव नाई त्याले काय सांगाचं? दारी आलेल्याले तिची माय जे म्हनते तेच तिच्या बोटातून इंग्रजी अक्षरायत उतरलं. "तुमचं गाव आमच्याकडं नाई. बसा, चहा घ्या."

"आता टाका गाव, सायब."

सायबानं टाकलं. मशीननं चहा इचारला. बाबारावले वाटलं हुकूमच हाये, तो खरंच कप घेऊन आला. सायब इतके हासले का बशीत चहा सांडला.

दिवाळीच्या आंधी कागद आला, शामला पक्की. पन खाली सायबानं एक अट टाकली होती. शामलानं लिहिलेलं काई बी लोकायले दाखवाच्या आंधी गिरिधरजीनं पह्यल्यापासून शेवटपर्यंत वाचून सही कराची.

गिरिधरजीची छाती फुगली. दुसऱ्या दिवशीच लाल पेन्सिल तासून शामलाच्या टेबलापाशी येऊन बसले, चप्पल बाहेर काढून. छापून आलेल्या पानायतल्या एकेका ओळीवर बोट ठेवत, ओठ हालवत वाचू लागले. अर्ध्या तासानं त्यायचे डोळे चमकले.

"सापडलं! इथं सातशे दहावर जा म्हनून लिहिलं हाये तुनं. सातशे दहा कुठी हाये वं पोरी?"

"काकाजी," शामला म्हनली, "पान उलटवा."