दहावा सूचक

उमेदवारी अर्ज भरण्याची मुदत तीनला संपणार होती. दीड वाजता शाहिद सरांचा फोन आला तेव्हा मी पांढरकवड्यात निवडणूक अधिकाऱ्यांच्या कार्यालयाबाहेर, मैनाबाई टेकामचा तयार अर्ज घेऊन उभा होतो.

"वकील साहेब, लफडा झाला. चिन्ह बदललं. सीट आमच्या पक्षाले सुटली."

"कोणी ठरवलं?"

"वरच्यांनी, मुंबईत. मले आत्ता समजलं. एबी फॉर्म घेऊन गाडी नागपूरवरून निघाली हाय."

मी हातातला अर्ज पुन्हा उघडून पाहिला. का, ते सांगतो.

आमच्याकडे विधानसभेला लाल बावट्याचा पक्ष आणि पर्यावरणवाल्यांचा नवा हरित पक्ष यांची आघाडी झाली होती. हरित पक्षाचं काम शाहिद सर पाहत. ते कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून रिटायर झालेले. लाल बावट्याचे तालुका सेक्रेटरी कॉम्रेड गुलाबराव. दोघं सज्जन, पण एकमेकांशी बोलत नसत. कारण चुनखडीची खाण. गुलाबरावांची युनियन त्या खाणीत होती आणि सरांना ती खाण बंद हवी होती.

"खाण बंद झाली तर माह्ये मजूर जातीन कुठं?" गुलाबराव विचारायचे.

"अन् चालली तर पोड जाईन कुठं?" सर विचारायचे. पोड म्हणजे कोलामांची वस्ती. ती खाणीला लागून होती.

या दोघांना एका टेबलावर आणलं मैनाबाईनं. ती त्या पोडातली. खाणीत अकरा वर्षं दगड फोडलेली. तिचं म्हणणं साधं होतं. खाण नाल्यापासून मागं सरकवा आणि मजुरांना पर्मनंट करा. दोन्ही पक्षांना तिच्याविरुद्ध बोलायला काही सापडलं नाही. जागा आदिवासींसाठी राखीव होती. उमेदवार ठरला. चिन्ह मात्र शेवटपर्यंत लटकलं.

आता कायद्याचं. पक्ष ज्या पत्रानं 'हा आमचा अधिकृत उमेदवार' असं कळवतो, तो एबी फॉर्म. अर्जावर सूचक लागतो, म्हणजे या माणसाचं नाव मी सुचवतो अशी सही देणारा त्याच मतदारसंघातला मतदार. पक्ष मान्यताप्राप्त असेल तर एक सूचक पुरतो. नसेल तर दहा लागतात. लाल बावटा मान्यताप्राप्त होता. हरित पक्षाची नुसती नोंदणी होती. माझ्या हातातल्या अर्जावर एकच सूचक होता, गुलाबराव.

आठवडाभर आधी सरांनी मला विचारलं होतं, "दहा जणांच्या सह्या घेऊन ठेवू काय?" मी म्हणालो होतो, "गरज नाही. चिन्ह लाल बावट्याचंच राहणार."

नवा अर्ज बाहेरच्या लिंबाखाली, गाडीच्या बॉनेटवर लिहायला घेतला. गुलाबराव बाजूला उभे होते, चेहरा लाल.

"आमचं चिन्ह गेलं. अन् आता सह्याबी आमीच द्याव्या काय?"

मैनाबाई त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिली. "दादा, भांडण उद्या करू. आज सही द्या."

त्यांनी तिच्याकडं पाहिलं, पेन घेतला आणि पहिली सही केली.

मिरवणुकीत आलेल्यांमधून एकेकाला बोलावलं. मी मोबाईलवर मतदारयादीत नाव शोधायचो आणि मग सही घ्यायचो. सव्वादोनपर्यंत नऊ झाले. दहावा सहीला वाकला, तर त्याचं नाव शेजारच्या मतदारसंघात निघालं. त्याच्यामागचाही तिकडचाच. बाकीचे घोषणा देऊन बसस्टँडकडं जेवायला गेले होते.

"मी देतो ना," कोणीतरी म्हणालं. लेतू नाईक. पोडाचा म्होरक्या, सत्तरीचा. "पण मले सही येत नाई."

त्याचं नाव यादीत होतं. मी बॅगेतून शाईचं पॅड काढलं. त्यानं डावा अंगठा दाबला. खाली मी लिहिलं, 'माझ्यासमोर अंगठा दिला', आणि माझी सही ठोकली. वकीलपत्रावर अशिलांचे असे कितीतरी अंगठे मी घेतले आहेत. माझा हात क्षणभरसुद्धा अडखळला नाही.

गाडी पावणेतीनला आली, तोवर सरही पोचले होते. आम्ही आत गेलो. अर्ज घेतला गेला, मैनाबाईनं शपथ घेतली, पोच मिळाली. बाहेर लाल आणि हिरवे झेंडे एकत्र नाचत होते. गुलाबरावांनी सरांना चहा पाजला.

दुसऱ्या दिवशी छाननी. एका प्रतिस्पर्धी उमेदवाराच्या वकिलानं उभं राहून एकच वाक्य सांगितलं. दहाव्या सूचकाचा अंगठा साक्षांकित नाही.

"मी साक्षांकित केला आहे," मी म्हणालो.

निवडणूक अधिकारी बाईंनी नियमांचं पुस्तक उघडून माझ्याकडं सरकवलं. "अंगठा चालतो, वकील साहेब. पण तो माझ्यासमोर द्यावा लागतो, किंवा उपविभागीय अधिकाऱ्याच्या दर्जाच्या प्रशासकीय अधिकाऱ्यासमोर. वकिलाची साक्ष इथे चालत नाही."

मी वाचलं. तसंच लिहिलेलं होतं.

"माणूस बाहेर बसलाय, मॅडम. बोलवा, विचारा. खरा मतदार आहे."

"खरा आहे, मला शंका नाही. पण काल तीन वाजता या अर्जाला दहा वैध सूचक नव्हते. नऊ होते."

मोठ्या स्वरूपाची चूक नसेल तर अर्ज फेटाळू नये, हे कलम मी वाचून दाखवलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि अर्ज फेटाळला. त्यांच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं. लिंबापासून त्यांच्या टेबलापर्यंत तीस पावलं होती. काल लेतू नाईकला घेऊन मी ती चाललो असतो तर काम झालं असतं.

निवडणूक सुरू झाल्यावर कोर्ट त्यात पडत नाही. निकालानंतर याचिका करता येते. तिला वर्षं लागतात.

बाहेर आलो. लेतू नाईक पायरीवर बसला होता.

"माह्या आंगठ्यानं बाद झालं काय, साहेब?"

"नाही, नाईक. माझ्या सहीनं."

त्याचा विश्वास बसला नाही. त्यानं मैनाबाईला कोलामीत काहीतरी विचारलं. तिनं थोडक्यात उत्तर दिलं. मला कोलामी येत नाही आणि तिनं अर्थ सांगितला नाही.

व्हरांड्यात गुलाबराव सरांवर ओरडत होते, "चिन्ह पायजे होतं ना तुमाले? घ्या आता चिन्ह!" सर एवढंच म्हणाले, "मी मागितलं नव्हतं." आघाडी तिथंच संपली. मुंबईच्या पत्रकात ती आणखी काही दिवस चालू होती.

पुढच्या वर्षी खाण वाढली. नाल्यावर मुरमाचे ढीग आले. मोठी मशिनं आल्यावर गुलाबरावांचे निम्मे मजूर घरी बसले. पोडातली बरीच घरं रोडच्या कडेला टिनाच्या शेडमध्ये गेली. त्यांच्या घरकुलाचे अर्ज मी फुकट भरून दिले. लेतू नाईकनं अंगठा द्यायला नकार दिला. "माह्या आंगठ्यानं कामं बिघडतात," म्हणाला. मी दोनदा गेलो. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा तो वारला होता. घरकुल त्याच्या नावावर झालंच नाही.

मैनाबाई एकटी आमदार झाली असती तर हे सगळं थांबलं असतं असं मी म्हणत नाही. ती निवडून आलीच असती असंही नाही. पण लोकांनी तिला पाडणं वेगळं आणि मी पाडणं वेगळं.

एका उमेदवाराला चार अर्ज भरता येतात. आता मी चारही भरतो. प्रत्येकावर दहा वेगळे सूचक असतात, पक्ष मान्यताप्राप्त असला तरी. अंगठा असेल तर माणसाला हाताला धरून अधिकाऱ्यासमोर नेतो. आणि जो नियम पाठ आहे असं वाटतं, तो आधी उघडून वाचतो.

जिल्हा परिषदेला मैनाबाई उभी राहिली. तिनं यवतमाळचा दुसरा वकील केला. बरोबर केलं.