दमणच्या फोटोतल्या चपला

दाजी गेल्याचा फोन बँकेत आला, तेव्हा मी काउंटरवर होतो. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी विचारलं, "कोण गेलं हो?" मी म्हणालो, "आहेत एक… नात्यातले." रजेचा अर्ज लिहून बाहेर पडलो आणि डिंडोलीच्या रिक्षेत बसल्यावर माझ्या लक्षात आलं की माणूस मेला तरी मी त्याचं नातं चारचौघांत सांगितलं नाही. आज त्याला महिना झाला. ते उत्तर मला अजून खातंय.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान; इथल्या गुजरातीत बनेवी. धुळ्याकडून सुरतेला आले ते लूमवर कामाला, आणि आयुष्यभर लूमवरच राहिले. बारावीनंतर त्यांनीच मला इथे आणलं. डिंडोलीतल्या त्यांच्या एका खोलीत मी तीन वर्षं राहिलो. मी अभ्यासाला बसलो की दाजी पोरांना घेऊन ओट्यावर जाऊन बसत. खात्यातल्या, म्हणजे लूमच्या कारखान्यातल्या, खडखडाटानं त्यांना कमी ऐकू यायचं, म्हणून ते मोठ्यानं बोलत. मी वाचत असलो की मात्र खुणांनी बोलायचे. मला गुजराती पाट्या वाचायला त्यांनीच शिकवलं, सिटी बसच्या पाट्या बघत बघत. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

बँकेत लागलो, लग्न झालं, कॉलनीत ब्लॉक घेतला. जीभ सुधारली. आक्का-दाजींशी अहिराणी सोडून पुस्तकी मराठी बोलू लागलो. दाजी हसून म्हणायचे, "आमना भाऊ आते छापेल बोलस." त्यात टोमणा नव्हता, कौतुकच होतं. ते मला आज कळतं.

पाच-सहा वर्षांपूर्वी आमच्या शाखेची सहल दमणला निघाली. दारूबंदीतल्या सुरतेची माणसं दमणला कशाला जातात हे सांगायला नको; पण बरोबर बायकापोरं होती, म्हणून आधी मोटी दमणचा किल्ला आणि त्यातलं जुनं चर्च बघायचं ठरलं. बसमध्ये एक जागा रिकामी होती. आक्का म्हणाली, "यास्ले लई जाय ना भाऊ. वीस वरीस व्हयनात, लूम सोडीसन काय दखं नही यास्नी." नाही कसं म्हणणार? उधना नाक्यावर दाजी चढले. धुतलेला लेंगा-सदरा, डोक्यावर टोपी, पायात टायरच्या तळव्याच्या चपला. एकीचा अंगठा तुटलेला, तो नायलॉनच्या सुतानं गुंडाळून बांधलेला. मागच्या सीटवर जाऊन बसले. ओळख करून द्यायची राहून गेली, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं.

चर्चच्या दारात सगळे बूट-सँडल घालून तसेच आत शिरले. दाजींनी मात्र पायरीवर चपला काढल्या, एकीला एक लावून नीट ठेवल्या, टोपी काखेत धरली आणि अनवाणी आत आले. मी दबक्या आवाजात म्हणालो, "दाजी, इथे काढत नाहीत. घाला त्या." ते त्यांच्या नेहमीच्या मोठ्या आवाजात म्हणाले, "देवनं घर शे ना भाऊ, कोनताबी देव ऱ्हावो." चर्चमध्ये आवाज घुमतो. चार माना वळल्या. समोरच्या सोनेरी कोरीवकामापुढे दाजी हात जोडून उभे होते आणि मला मात्र जमीन दुभंगली तर बरं, असं झालं होतं.

बाहेर आल्यावर मॅनेजरसाहेबांनी विचारलं, "आ भाई कोण छे? तमारा सगा?"

मी म्हणालो, "ना ना, बसवाळा साथे छे."

बसवाल्याबरोबरचा माणूस आहे, असं गुजरातीत म्हणालो. जणू दाजींना ती भाषा येतच नव्हती! ज्यानं मला ती अक्षरं शिकवली, त्याच्यापासून चार हातांवर उभं राहून मी त्या भाषेत त्याला नाकारलं. कानांनी दगा द्यावा, तर त्या दिवशी तोही दिला नाही… त्यांना ऐकू आलं.

पायऱ्यांवर ग्रुप फोटो काढायचा होता, कॅमेरा माझा. दाजी तसेच अनवाणी पुढे आले, हात पुढे केला आणि हिंदीत म्हणाले, "लाओ साब, मैं निकालता हूँ. आप भी खडे रहो." साब! खोटं मी बोललो, निभावलं त्यांनी. बटण कुठलं ते मी दाखवलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. परतीच्या वाटेवर ते ड्रायव्हरच्या केबिनमध्ये बसून आले.

फोटो मात्र असा आला की स्टुडिओवालाही खूश. सगळ्यांचे चेहरे स्वच्छ, मागे चर्चचा दरवाजा, आणि खाली कोपऱ्यात, पायरीवर, दाजींच्या चपला. मोठा करायला दिला तेव्हा स्टुडिओवाल्यानं विचारलं, "नीचे चंपल आवे छे, कापी नाखुं?" मी म्हणालो, "हा, कापी नाखो." लहान प्रत आक्काला दिली, मोठी माझ्या हॉलमध्ये लागली.

तेराव्याला आक्कानं तिची प्रत पेटीतून काढली. कोपरे झिजलेले, चपलांवर बोट लागून लागून डाग पडलेला. "येनारा-जानारास्ले दखाडेत," ती म्हणाली. "कोनी ईचारं, तुमी कोठे शेतस येमा? तं म्हनेत, फोटो मी काढेल शे, मंग मी कसा दिखसू? पन ह्या चपला मन्या. मी तठेच व्हतू." त्या दिवशी काय घडलं, ते त्यांनी तिला कधीच सांगितलं नव्हतं. मग ती म्हणाली, "तुनाकडला मोठा फोटो आन ना भाऊ, भितवर लावसू." मी म्हणालो, "काच फुटलीय, आक्का." पुन्हा खोटं.

आक्काला वाचता येत नाही. पण वर्तमानपत्राची ही पुरवणी डिंडोलीत येते, आणि हा लेख तिला कुणीतरी वाचून दाखवेल. तोंडानं सांगायची माझी छाती झाली नाही, म्हणून लिहिलं.

गेल्या आठवड्यात निगेटिव्ह शोधून त्याच स्टुडिओत गेलो. तेच गृहस्थ, आता चष्मा लागलेला. निगेटिव्ह उजेडाला धरून त्यांनी तोच प्रश्न विचारला, "नीचे चंपल आवे छे… कापी नाखुं?"

म्हटलं, "रहेवा दो. ए मारा बनेवी छे."