मेमरीचा कौल

लॅपटॉपचं बटण दाबण्याआधी तात्या चपला दाराबाहेर काढायचे, टोपी सारखी करायचे आणि हात जोडून खड्या आवाजात गाऱ्हाणं घालायचे. "बा देवा म्हाराजा! आज ह्यो लॅपटॉप तुझ्या पायाकडे ठेवलेलो आसा. तेच्या वाटेत काय इडापिडा आसात ती दूर कर रे म्हाराजा!" मग दुकानात जे कोणी असेल, प्रिंट घ्यायला आलेले मास्तर असोत की रिचार्ज मारायला आलेली मासेवाली, त्यांनी "व्हय म्हाराजा!" म्हणायचंच. कोणी गप्प राहिलं तर तात्या बटण दाबत नसत.

माझं मालवणच्या बाजारात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. तात्या तोंडवलीचे, उभा जन्म रापणीचं जाळं ओढण्यात गेलेला. मुलगा आखातात नोकरीला. पहिल्या सुट्टीत आपला लॅपटॉप बापाकडे ठेवून गेला तो गेला, परत यायला त्याला सवड काही मिळेना. घरी नेट नाही, म्हणून दर रविवारी तात्या पंच्यात गुंडाळलेला लॅपटॉप घेऊन मुलाशी व्हिडिओ कॉलवर बोलायला एसटीने माझ्याकडे यायचे. "माझ्या मशीनवर बसा की," मी म्हणायचो.

"नको रे. पोरगो माझो ह्येच्यातसूनच येता."

येता म्हणजे काय, रखडत येता! "बाबा, जेवलस..." एवढं म्हणायचा आणि पडद्यावर जागच्या जागी अडकायचा. तोंड अर्धं उघडं, एक भुवई वर. मी चरफडायचो, मशीनला नाही नाही ते बोलायचो. तात्या मात्र चष्मा पुसून पुढे सरकायचे.

शेवटी मीच विषय काढला. "तात्यानू, मशीन म्हातारं झालं. मेमरी वाढवू या, नाहीतर नवीन घ्या."

"मेमरी म्हंजे?"

"आठवण. कमी पडते आता."

"माझी काय ह्येची?"

नवीन तर त्यांना नकोच होतं, आणि मेमरीचं काही ठरेना. आपल्याकडे माणसाचं ठरत नसलं की तो कुठे जातो, तुम्हाला ठाऊकच आहे. तात्यांनी ग्रामदेवतेला कौल लावला. देवाच्या अंगावर चिकटवलेली उजवीकडची कळी पडली, म्हणजे होकार. "देवाक सरळ इचारलंय, पोराची आठवण वाढवूची काय? उजवो दिलान!" देवच हो म्हणाला, मग मी कोण? बसवली मेमरी.

पुढच्या रविवारी मुलगा झरझर बोलला, हसला, मान वळवून मागे कोणाला तरी काही सांगितलं, "येतंय रे बाबा" म्हणाला आणि गेला. कुठेही अडकला नाही. मी तर जाम खूश! तात्या रिकाम्या पडद्याकडे बघत म्हणाले, "ता घातलंस ता काढ."

"अहो, देवानं कौल दिलाय!"

"देवाक मी पोराचा बोलणां सांगलंय. थांबणां सांगूक इसारलंय." मग आवाज खाली आला. "आधी पोरगो मधीच थांबत होतो. तेवढ्यात मी तेका बरो बघून घेत होतंय रे. बारीक झालो काय, केस पिकले काय. आता हलता आणि जाता."

मी स्क्रूड्रायव्हर उचलला. मेमरी काढली आणि खणात टाकली.

पुढे बरेच रविवार तसेच गेले. मग एका रविवारी तात्या आले नाहीत. मागाहून कळलं, ते आता येणारच नव्हते. अजून रविवारी एसटीचा हॉर्न ऐकला की माझी मान दाराकडे वळते.

दिवसकार्याला मुलगा आला. त्याच पंच्यातून लॅपटॉप काढून माझ्यापुढे ठेवला. "ह्येची मेमरी वाढवून चलात, काय टाकून देवूचो?"

मी झाकण उघडलं आणि सवयीने थांबलो. गाऱ्हाणं कोण घालणार? मग त्याला सगळं सांगितलं, कौलापासून खणातल्या मेमरीपर्यंत.

तो तात्यांच्याच खुर्चीत बसला होता. तोंड अर्धं उघडं, एक भुवई वर. किती तरी वेळ हललाच नाही. मला दारात जाऊन ओरडावंसं वाटलं, तात्यानू, बेगीन येवा, पोरगो थांबलो आसा!