आक्काने कापलेली झडी

आक्का गेल्याचा निरोप मला एसटीच्या कंडक्टरने दिला. पोलादपूरकडून येणारी दुपारची गाडी महाडच्या स्टँडवर लागली आणि तो ओळखीचा माणूस घरापर्यंत चालत आला. दारातूनच म्हणाला, "आजी, वरच्या वाडीतल्या बायजाक्का सकाळी गेल्या. तुमच्या पुतण्याने सांगायला लावलंय." मी विचारलं, "जेवून गेली का?" तो बिचारा गांगरला. पण प्रश्न खरा होता. आक्काने आयुष्यात कोणाला उपाशीपोटी उंबरठा ओलांडू दिला नाही. तिने स्वतः कसा ओलांडला, एवढंच मला कळायला हवं होतं. पुढे कळलं, पेज पिऊन गेली... बरं झालं.

आक्का माझी थोरली जाऊ. तिच्या-माझ्यात दहा-बारा वर्षांचं अंतर, आणि अकलेचं विचाराल तर बरंच जास्त. मी महाडच्या शाळामास्तरांची मुलगी, मराठी चौथी पास, म्हणजे माझ्या हिशेबाने बॅरिस्टरच. लग्न होऊन थेट मुंबईला गेले, गिरणीजवळच्या चाळीत, त्यामुळे आंबेनळी घाटाच्या पायथ्याचं सासर मी पाहुणीसारखंच पाहिलेलं. मग एका वर्षी संप होऊन गिरण्या बंद पडल्या. आमचे हे म्हणाले, "तू गावी जा, मी इथे काम बघतो." पावसाळ्यात बोटी थांबायच्या आधी मला दासगावच्या बंदरात उतरवलं, आणि मी केसांचे आकडे, हातआरसा आणि एक छत्री घेऊन वाडीत दाखल झाले. ती छत्री घाटाच्या वाऱ्याने चौथ्या दिवशी उलटी करून ठेवली. माहेरी जावं, तर वडील वारलेले आणि भावजयीने आधीच कळवलेलं, की घरात जागा नाही. म्हणजे त्या वर्षी जगात मला एकच छप्पर होतं, आणि त्याखाली मी नाक मुरडत बसले होते.

घर कारवीच्या काठ्यांच्या कुडाचं, शेणमातीने लिंपलेलं. पावसाचा मारा भिंतीवर येऊ नये म्हणून बाहेरून पेंढा आणि गवताचा जाड पडदा बांधतात, त्याला झडी म्हणतात. ती एकदा बांधली की घर चार महिने डोळे मिटतं. दिवसाढवळ्या चुलीचा काय तो उजेड. माळ्यावर लाकडं, कोपऱ्यात भाताची कणगी, पलीकडे म्हशीचा सुस्कारा, आणि सगळ्यावर धूर. आक्का त्या काळोखात अशी वावरायची, जणू बोटांना डोळे होते. मी मात्र दिवसातून दहा वेळा म्हणायची, "आक्का, बाहेर काहीच दिसत नाही हो!" ती म्हणायची, "बाहेर पाऊस हाय. अजून काय बगायचं हाय तुला?"

मला वाट बघायची होती. पोलादपूरकडून येणारी पायवाट. ह्यांचं पत्र नव्हतं. ओढा फुगला की टपालवाला आठ-आठ दिवस वर येत नसे, हे मला सांगितलेलं होतं. पण चौथी पास बाईला सांगून काय उपयोग? पश्चिमेच्या कुडाला हातभर झरोका होता, फक्त बाहेरून झडीने झाकलेला. एका दुपारी सासरे शेतावर आणि आक्का गोठ्यात असताना मी कोयता घेतला आणि झरोक्यापुढची झडी चौकोनी कापली. अगदी टेबलक्लॉथ कापावा तशी नीट. वाट दिसली! मी तिथे बसून तासभर रडले, आणि मला फार बरं वाटलं.

आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, की पाऊस पश्चिमेकडून येतो. तिसऱ्या दिवशी सकाळी त्या जागचा कूड भिजून भसकन खाली बसला, तो बरोबर कणगीवर. तळाचं भात ओलं झालं. वर्षाचं खाणं होतं ते. सासरे इरलं डोक्यावर तसंच ठेवून दारात उभे राहिले. "झडी कोनी कापली?" मला डोळ्यांपुढे भावजयीचं दार दिसत होतं.

आक्का चुलीपाशी भाकरी थापत होती. वळलीसुद्धा नाही. "मी कापली. धूर कोंडत व्हता."

"धूर मागल्या पंदरा वर्सांत नाय बोचला, तो आज कसा बोचला?"

"आज बोचला."

सासऱ्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग माझ्या पदराला चिकटलेल्या गवताच्या काडीकडे... आणि इरलं सारखं करून शेताकडे वळले. तिचा शब्द खोटा पाडण्याची त्या घरात कोणाची छाती नव्हती.

आक्काने गुन्हा अंगावर घेतला, काम नाही. चिखल मी तुडवला, शेण मी कालवलं, कारवी मी बांधली, आणि बॅरिस्टरच्या हातांना जन्मात पहिल्यांदा घट्टे पडले. भर पावसात लिंपलेली भिंत वाळेना, म्हणून तिच्यापुढे फुटक्या मडक्यात विस्तव ठेवायचा आणि तो विझू द्यायचा नाही. आठ दिवस आम्ही दोघी त्या भिंतीला टेकता येत नाही म्हणून एकमेकींना पाठ टेकून बसलो. ओलं भात आधी संपवायचं म्हणून रोज त्याचीच पेज, वर भाजलेली सुकट. बाहेर पाऊस डोंगर खाली आणत होता, आणि आत माझी पाठ गरम होती. पत्र आलेलं नव्हतंच. तरी त्या आठ दिवसांत मी वाटेची आठवण किती वेळा काढली, हे मला आज सांगता येत नाही.

एकदाच मी म्हटलं, "आक्का, तुम्हाला नाही वाटत, वाट बघावी?" ती विस्तवावर फुंकर घालत म्हणाली, "बगून मानूस लवकर येतं काय गो?" मला ते फार कठोर वाटलं. थोरले दीर मुंबईच्या गोदीत होते आणि त्यांचंही पत्र दोन महिने नव्हतं, हे मला माहीत होतं. पण ते मोजायचं माझ्या डोक्यात आलं नाही. सतराव्या वर्षी आपलं दुःख एवढं मोठं असतं, की दुसऱ्याचं त्याच्या मागे दिसत नाही.

दसऱ्यानंतर गिरण्या सुरू झाल्या, पत्र आलं, मी गेले. पुढच्या पावसाळ्याच्या तोंडाशी वाडीत आले, तर पूर्वेच्या, बिनपावसाच्या अंगाच्या कुडाला नवा झरोका, आणि झडीत तेवढंच चौकोनी भोक. "ही तुझी खिडकी." मी डोकावले. समोर उकिरडा, त्यावर दोन कोंबड्या. "आक्का, इथून वाट कुठे दिसते?" "वाट नाय दिसत. उजेड येतो." त्यानंतर दर वर्षी झडी बांधताना ते भोक तिने ठेवलं. मी येवो न येवो.

गेल्या आठवड्यात वर गेले होते. भिंती आता कच्च्या विटांच्या आहेत, पूर्वेचा झरोका तेवढा राखलेला; झडी मात्र लागतेच. आक्काशिवायची ही पहिलीच झडी, पुतण्याने छान, घट्ट बांधलेली... चहूबाजूंनी. चुलीपाशी तिची जागा काळोखात होती. मी त्याच्या बायकोला म्हटलं, "सुमन, कोयता दे गं."

"काकी, कशाला? पाणी आत येल ना!"

"नाही येत. या वेळी बाजू नीट विचारून घेतलीय." चौकोन काही सरळ आला नाही. पण उकिरडा दिसला, आणि कोंबड्याही. सुमन कपाळाला हात लावून म्हणाली, "आता ह्यांनी इचारलं, कोनी कापली, तर काय सांगू?"

"सांग, आक्काने कापली. धूर कोंडत होता."