तू फक्त ओठ हलव

आमच्या घरात गाणं पाठीवर शिकवलं जायचं. बाबा चर्चमध्ये गायन चालवत, आणि घरी आम्हा दोघा भावांना शिकवताना चिंचेची शिपटी हातात धरत. सूर चुकला की मानेवर सट्‌कन. चूक माझी असली तरी पहिला फटका दादाला, कारण तो मोठा. गाताना कोण बघतंय म्हणून मान वळवली, तर त्याचा वेगळा. "लोक देवाकडे बघायला येतात, तुज्या थोबाडाकडे नाय," बाबा म्हणायचे. त्यामुळे आमच्या गावात गाणारे कायम मागच्या बाकांपाशी, लोकांच्या पाठीशी उभे राहात.

बाबा गेले, दादा साठीला आला आणि पन्नाशीतल्या मला पुढे यायची हाव सुटली. गोखिवऱ्याच्या एका गाळ्यातून चार स्पीकर आणले, कानाला अडकवायचा माइक आणला, आणि कीबोर्डसकट सगळ्या गायनमंडळाला आल्ताराच्या, म्हणजे वेदीच्या, डावीकडे, लोकांच्या तोंडासमोर उभं केलं. मिस्सेची प्रार्थना मोबाइलवर थेट दिसू लागली, तेव्हा उमेळ्याच्या शिंप्याकडून जांभळा झब्बा शिवून घेतला. उपासकाळाचा रंग आहे, असं बायकोला सांगितलं.

"रंग उपासाचा, पोट मात्र लग्नातल्या जेवणाचं," ती म्हणाली.

दादा मागेच उभा राहिला. त्याचा आवाज जाडाभरडा, पण माइकशिवाय दारापर्यंत पोचणारा. माझ्या गोड आवाजाला तो खालून खरवडत यायचा. पवित्र आठवड्यातल्या बुधवारी, सरावाच्या वेळी, मी सगळ्यांदेखत माइकवरून म्हणालो, "दादा, मोबाइलवर तुझाच आवाज फार येतो. तू फक्त ओठ हलव."

तो बाकांमधून चालत आला. घाई नाही, शेताच्या बांधावरून येतो तसा. "कोनाला बोलतोस?" म्हणाला, आणि माझ्या गळ्याजवळची वायर धरून खाली खेचली. वायरीबरोबर मानही गेली.

"चर्चमध्ये तमाशा नको, दादा!" मी ओरडलो. तीन वर्षं तमाशा करणारा मीच.

त्यानं कानाखाली वाजवली. माइक चालूच होता. ती चपराक चारी स्पीकरांतून, प्रतिध्वनीसकट, सगळ्या चर्चमध्ये घुमली. प्रतिध्वनी मीच वाढवून ठेवला होता.

मी बायकांच्या माइकचा स्टँड उचलला. त्याला अडवायला उचलला, असं मी नंतर सगळ्यांना सांगितलं. ते खोटं आहे. मारायलाच उचलला, आणि त्याचं लोखंडी बूड दादाच्या तोंडावर घातलं. ओठ मधोमध फाटला. एक दात फरशीवर टणटणत आल्ताराच्या पायरीशी जाऊन थांबला. तोंडातलं रक्त थुंकून दादा पुन्हा अंगावर आला. त्यानं झब्बा गळ्यापासून बेंबीपर्यंत टरकावला, मी त्याच्या बरगडीत गुडघा घातला, आणि आजोबा व्हायच्या वयाचे आम्ही दोघं कीबोर्डवर कोसळलो. कीबोर्डातून नाचाचा ठेका सुरू झाला. तो बंद कसा करायचा हे फक्त मला माहीत होतं, आणि माझा गळा दादाच्या हातात होता.

दादाला नालासोपाऱ्याला नेऊन ओठाला सात टाके घातले. आठ दिवस तोंड उघडायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं.

आणि दोन दिवसांवर शुभ शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे. त्या दिवशी झाकलेला क्रूस हळूहळू उघडा करतात, आणि तेव्हा एकट्यानं तीनदा गायचं असतं, दर वेळी मागच्यापेक्षा वरच्या सुरात. गुरुवारच्या मिस्सेनंतर आमच्याकडे सगळी वाद्यं मुकी असतात, घंटासुद्धा. सूर आपला आपण धरायचा. बाबांनंतर ते गाणं फक्त दादानं गायलं होतं. वर्षभर तो त्या एका गाण्यासाठी जगायचा, आणि त्याचं तोंड मी शिवून ठेवलं होतं.

गुरुवारी सकाळी वहिनी आली. हातात कागदाची पुडी. "घ्या भाऊजी, तुमच्या भावाचा दात. आल्तारावर ठेवा, मोबाइलवर छान दिसेल."

फादरांकडे मी मान खाली घालून गेलो. बंदी घालतील, असं वाटलं होतं. खरं म्हणजे घालावी, अशीच इच्छा होती.

"बंदी घातली तर घरी बसून हुतात्मा होशील," फादर म्हणाले. "उद्याचं तूच गायचंस. मागे उभं राहून."

शुक्रवारी दुपारी तीनला मी मागे उभा राहिलो. शेजारच्या बाकावर दादा, सुजलेलं तोंड रुमालाखाली. पहिल्यांदा गायलो आणि तिथेच कळलं की गेलो. कीबोर्डाच्या आधाराला चटावलेला मी, त्यात मोबाइलसमोर झळकायची सवय. सूर फारच वर लागला होता. लोकांनी गुडघे टेकले. दुसऱ्या वेळी आवाज चिरकला, फुटक्या पिपाणीसारखा. पुढची दोन डोकी वळली. तिसरा सूर माझ्या गळ्यात नव्हताच.

फादर क्रूस धरून थांबलेले.

तेवढ्यात बाजूनं गुणगुण आली. मिटल्या तोंडानं, नाकातून, जाडीभरडी. दादा सूर देत होता, माझ्या पहिल्या सुराच्याही पुष्कळ खालचा. तो घेतला तर मी चुकीचं उचललं होतं, हे सगळ्या गावाला कळणार. मी घेतला. चढायचं गाणं उतरून संपवलं.

क्रुसाचं चुंबन घ्यायला दादा माझ्यापुढे होता. ओठ टेकवता येईना, म्हणून त्यानं कपाळ टेकवलं. तरी टाक्यातून एक थेंब लाकडावर पडला. दर चुंबनानंतर क्रूस पुसायच्या कापडानं तो पुसला गेला आणि माझी पाळी आली.

बाहेर पायरीवर त्यानं मला गाठलं. मानेवर सट्‌कन एक ठेवून दिली, थेट बाबांच्या हाताची. मग दातांतून कसंबसं म्हणाला, "वर धरलास."

मी मान वर केली नाही. सूर दोनदा चुकला होता, आणि याही वेळी माझ्या चुकीचा पहिला फटका बुधवारीच त्याच्या तोंडावर बसून गेला होता.