पाखऱ्याच्या मानेवरचा भार

आष्टीच्या आमच्या कॉलेजात फक्त बी.एस्सी.पर्यंतचे वर्ग आहेत. तिथे पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या अंगद सानप सरांनी संशोधनासाठी विद्यापीठाकडे अनुदान मागितलं, तेव्हा स्टाफरूममध्ये हशा पिकला. जू बैलाच्या मानेवर किती भार टाकतं, हा विषय. "सर, आता बैलांनाही प्रॅक्टिकलला बसवा," असं कुणीतरी म्हणालं.

अनुदान मंजूर झालं, पण पहिला हप्ता आला डिसेंबरात. मार्चअखेर नोंदी दिल्या नाहीत तर पैसे परत आणि प्रकल्प बंद. तालुक्यातले बैल तर दिवाळीनंतरच ऊसतोडीला गेलेले. सरांनी जुवाखाली बसेल असं भारमापक यंत्र जुळवलं आणि नाताळच्या सुट्टीत आम्हा दोघा विद्यार्थ्यांना घेऊन एका साखर कारखान्याचा तळ गाठला. प्रवासखर्चाला मंजुरी नव्हती. एसटीची तिकिटं त्यांनी स्वतःच काढली.

तळावर आमच्याच भागातल्या दगडाबाई गाडीला जुंपलेल्या पाखऱ्या बैलाला नावाने दटावत मोळ्या बांधत होत्या. यंत्र बघताच त्या गाडीला आडव्या झाल्या.

"वजन सांगायला आलाव का, मास्तर? जास्त भरलं म्हनून आमालाच धरतेत."

"गाडीचं नाही, मावशी. पाखऱ्याच्या मानेवरचं. तुमचं नाव कुठंच येणार नाही."

"मंग आमाला काय फायदा?"

"यंदा काहीच नाही."

झालं, आता परतीची एसटी, असं मला वाटलं. दगडाबाई मात्र हसल्या आणि नवऱ्याला ओरडून म्हणाल्या, "आवं, इकडं या! खोटं न बोलनारा मास्तर आलाय. लावा तुमचं यंत्र. पन पाखऱ्या लाथ मारतो, सांगून ठिवते."

मारलीच. सर लंगडत, लॅपटॉप सांभाळत गाडीबरोबर चालत राहिले. उतार लागला की पडद्यावरचा आकडा उसळायचा आणि सर स्वतःचीच मान आकसून घ्यायचे. सगळा भार मानेच्या एका चिंचोळ्या पट्ट्यावर येत होता. पाखऱ्याच्या मानेवरची जुवाने झालेली जखम तिथेच होती.

नोंदी वेळेत पोचल्या. दुसऱ्या हप्त्यातून सरांनी सुताराकडून रुंद बुडाचं, गादीचं जू करून घेतलं. प्रयोगशाळेत ते मनासारखं ठरेना, म्हणून पुन्हा करवून घेतलं. आज मी कंपनीत सेन्सरचंच काम करते, हवं ते उपकरण हाताशी असतं. एवढी चिकाटी मात्र मी पुन्हा पाहिलेली नाही.

पुढच्या दिवाळीला, ऊसतोडीची टोळी निघायच्या आधी, सर ते जू खांद्यावर घेऊन दगडाबाईंच्या दारात उभे राहिले.

"मावशी, यंदा आहे."

दगडाबाईंनी गादी अंगठ्याने दाबून पाहिली. "पाखऱ्याला इचारते," म्हणाल्या, आणि जुनं जू सोडायला गोठ्याकडे वळल्या.