चिमण्यांची पोटं

आमच्या मामाजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, मिठी मारणं धोक्याचं होतं. त्यांच्या सदऱ्याच्या कॉलरला दोरा ओवलेल्या दोन-तीन सुया कायम टोचलेल्या असत. लग्नाच्या दिवशी मी भारावून त्यांच्या गळ्यात पडलो आणि पाणावल्या डोळ्यांनी मागे सरलो. जावई फार हळवा आहे, असं त्यांच्याकडच्या बायका म्हणाल्या. तो गैरसमज मी आजवर दूर केलेला नाही.

मामाजी कोर्टात नाझर होते. मिशा अशा, की समन्स हातात पडायच्या आधीच माणूस गुन्हा कबूल करायचा. बायको गेली तेव्हा मुलगी पाच वर्षांची. नातेवाईक दुसरं लग्न सुचवायला आले, तेव्हा मामाजी बायकोच्या शिलाई मशीनला तेल घालत बसले होते. पोरीच्या पहिल्या झग्याची एक बाही दुसरीपेक्षा लांब झाली, हे ते स्वतःच सांगत. पण पुढे लगेच जोडत, "मंग शिकलो. आता या महाल मोहल्ल्यात माह्यासारखे काज करनारा एखादा दाखवा." विनय हा गुण त्यांनी इतरांसाठी राखून ठेवला होता.

ती पोर म्हणजे माझी बायको. पहिल्या बाळंतपणाला ती महालात माहेरी गेली आणि इकडे माझ्या आईला घोर लागला. कुंची, टोपडी, दुपटी, पाळण्यावर टांगायचं चिमणाळं, हे सगळं मुलीच्या आईच्या हातचं असायचं आणि बारशाला जमलेल्या बायका त्यावरून माहेराची पारख करायच्या. इथे आईच नाही, तर मांडणार काय? मी ही काळजी बायकोपर्यंत पोचवली, तिनं वडिलांपर्यंत. मामाजींचा निरोप आला, "विहीनबाईले म्हना, डोये भरून पाहाले या."

बारशाच्या सकाळी मी सर्वांआधी पोचलो. मामाजी पेढे आणायला गेले होते. पाळण्यावर कापडी चिमण्यांचं चिमणाळं टांगलेलं. बघतो तर काय, चिमण्यांच्या पाठी नुसत्या मातकट आणि सगळी शोभा पोटांना! लाल, पिवळे, हिरवे तुकडे, त्यांवर जरीची नक्षी. मला वाटलं, म्हाताऱ्यानं घाईत उलट्या बांधल्या. सासऱ्याची लाज राखणं हे जावयाचं कर्तव्यच. मी स्टुलावर चढलो, पाठीवरचे दोरे तोडले आणि ऑफिसात फायली बांधतो तशी गाठ मारून पोटांना बांधले. खाली उतरून स्वतःच्या कामाकडे कौतुकानं बघत उभा राहिलो.

आई आली, मावशी आली, बायका जमल्या. मावशीनं वर बघून तोंडाला पदर लावला. "अगं बाई, तान्ह्या लेकराच्या डोक्यावर मेलेल्या चिमण्या?"

तेव्हा मला दिसलं, की सगळ्या चिमण्या पाय वर करून उताण्या पडल्या आहेत. घरात बाई नसली की असंच व्हायचं, असं कुणीतरी हळूच म्हणालं. बाळाला मांडीवर घेऊन बसलेली माझी बायको फरशीकडे बघू लागली.

मी काही बोलणार, तोच पेढ्यांचा पुडा घेऊन मामाजी दारात. त्यांनी चिमणाळ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "जवाईबापू, ही गाठ तं फायलीची दिसून राहिली."

कॉलरची सुई काढली आणि बायकांच्या घोळक्यात बसून त्यांनी एकेक चिमणी सुलटी केली. मग पाळणा बाजूला सारून सतरंजी अंथरली.

"विहीनबाई, तुम्ही उभ्यानं पाहून राहिल्या. ज्याच्यासाठी केलं, तो निजून पाहते. जरा बाळाच्या जागी या."

माझी आई चारचौघांत कधी भिंतीलासुद्धा टेकून बसली नव्हती. पण तिनं पदर सावरला आणि आडवी झाली. मामाजींनी चिमणाळं तिच्यावर धरून हलकेच फिरवलं. सगळे रंग तिच्या डोळ्यांपुढून फिरू लागले. चोची खाली वळवलेल्या, डोळे असे शिवलेले, की प्रत्येक चिमणी खाली निजलेल्याकडेच टक लावून बघते आहे. आईनं एका चिमणीच्या पोटाला बोट लावून बघितलं.

"मी केलं असतं," ती शेवटी म्हणाली, "तर पाहुण्यांना दिसेल असंच केलं असतं." आणि तिथूनच तिनं माझ्या बायकोला हाक मारली. "ये गं, बाळाला घेऊन ये. माझ्या शेजारी नीज आणि बघ, तुझ्या बाबांनी काय केलंय."

मग सतरंजीवर जागा मिळेना. मावशी तर दोनदा निजली. मीही पुढे झालो, तर मामाजी म्हणाले, "तुम्ही नका येऊ. तुम्ही स्टुलावरच बरे."

मामाजी आता नाहीत. पण ते होते तेव्हाचीच गोष्ट. माझ्या बहिणीचं पहिलं बाळंतपण आमच्याकडे झालं. मुलीची आई म्हणून चिमणाळ्याचा मान आता माझ्या आईचा. तिनं कापडं पिशवीत भरली, सरळ महाल गाठला आणि पिशवी मामाजींच्या पुढ्यात ठेवली. बारशाला बहिणीच्या सासूनं विचारलं, हे कुणाच्या हातचं? मामाजी मिशीवर हात ठेवून तयारच बसले होते. पण माझ्या आईनं त्यांना तोंड उघडू दिलं नाही.

"आमच्या सुनेच्या माहेरचं आहे," ती म्हणाली आणि सतरंजी झटकून पसरली. "असं उभ्यानं नाही बघायचं. या, आडव्या व्हा."